शालूने घेतलेलं नाव

गाडी ग्वाल्हेरात शिरली तेव्हा किल्ल्यावर कोवळं ऊन पडलं होतं. एरवी डोळे भरून पाहिला असता. पण धाकट्या बहिणीचं, शालूचं पत्र खिशात होतं. मध्य भारत राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन होणार, म्हणून शिक्षकांच्या नव्या याद्या लागल्या होत्या आणि तिच्या नवऱ्याचं, दिनकररावांचं नाव त्यांत नव्हतं. नाव नाही म्हणजे नोकरी नाही.

कंपू भागातल्या घरी शालूने बेडई (डाळ भरलेली पुरी) वाढली. घास उतरेना. समोर भिंतीवर जगाचा नकाशा. दिनकरराव भूगोलाचे मास्तर. पर्शियावर ‘इराण’, सयामवर ‘थायलंड’ अशा चिठ्ठ्या त्यांनी डकवल्या होत्या.

“जुनी नावं कळतात की लोकांना,” मी म्हणालो.

“ती परक्यांनी ठेवलेली,” दिनकरराव म्हणाले. “ घरात आम्ही स्वतःला जे म्हणतो तेच तुम्ही म्हणा, एवढंच मागतात हे देश. सांगितलं नाही तर लोक सोयीचं धरून चालतात.”

आणि या गृहस्थांचं स्वतःचंच नाव गायब! हसावं की रडावं कळेना.

आम्ही तिघे शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. बाबूने रजिस्टर उघडलं. “यहाँ बलवंतराव लिखा है. वो तो गुज़र गए, सो काट दिया. घर पे बहनजी ने ही लिखवाया था.”

बळवंतराव म्हणजे दिनकररावांचे वडील, त्याच शाळेतले जुने मास्तर.

शालूचा चेहरा उतरला. “हे शाळेत होते, दादा. यांचं नाव मी कसं घेणार? बळवंतराव मास्तरांचे चिरंजीव म्हटलं, याने आधाच लिहिला, नुसतं मामंजींचं नाव.”

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतंच घेते. मला तिचा, बाबूचा, त्या रीतीचा, सगळ्यांचाच राग आला.

दिनकररावांनी आपलं नाव सांगितलं, पण बाबू ऐकेना. “मास्साब, आप तो अपनी कहेंगे ही. जिनने लिखवाया, वो बोलें.”

शालूने पदर सावरला. “दिनकर.” मग आणखी मोठ्याने, “इनका नाम दिनकर है. यही लिखिए.”

बाबूने खोडलं, लिहिलं, शिक्का मारला. छातीवरचा धोंडा उतरला. त्या दुपारी मी आडवा हात मारून जेवलो.

परतीच्या गाडीत वाटलं, देशांना आपलं नाव जगाला सांगावं लागतं ते यासाठीच. चुकणारे दुष्ट नसतात. त्यांना सवय झालेली असते आणि आपण गप्प असतो.

पुण्यात दार उघडताच बायकोने विचारलं, “अहो, वन्संचं काम झालं?”

“झालं. आधी माझं नाव घे पाहू.”

तिने सासूबाई आसपास नाहीत ना ते पाहिलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा, उखाण्याशिवाय घेतलं. मी हातातली वळकटी तशीच धरून उभा राहिलो.