खाणीवरची मॅट्रिक

माझं शिक्षण सुटलं त्याला तीन म्हातारे जबाबदार आहेत. शिवाप्पा चेअरमन, यल्लाप्पा सुरुंगवाला आणि आमचे आबा, म्हणजे माझे वडील. दुष्काळाला मी दोष देत नाही. दुष्काळ सगळ्यांनाच होता, तरी बाकीच्यांची पोरं मॅट्रिकला बसलीच की! पहिल्या दोघांबद्दल एकेरीत लिहितोय, ते मुद्दाम. तोंडावर एवढी वर्षं 'अण्णा' आणि 'मामा' म्हणालो, तेवढं पुरे झालं.

तामलवाडीच्या पुढं, तुळजापूरच्या रस्त्याला आमची दगडाची खाण होती. बहात्तरच्या दुष्काळात तिथं तीसेक घरं खडी फोडायची. वडार, बौद्ध, दोनचार लिंगायत. संध्याकाळी सगळे एकाच धुळीनं राखाडी. आता तिथं कुणी नाही. काही ढोकीकडं ऊस तोडायला गेले, काही सोलापुरात पांगले. मी सोलापूरच्या बाहेर एका क्रशरवर आहे. मशीन तासाभरात जेवढी खडी फोडतं तेवढी फोडायला आम्हाला आठवडा लागायचा. पण मशीनशी बोलता येत नाही!

खाणीवरची दोन माणसं एस.टी. स्टँडवर भेटली की चहा गार होतो. एक किस्सा उचलला की त्याच्या खालून दुसरा निघतो. दगड निघायचे थांबले, हे काही थांबत नाही.

* * *

सरकारी रस्त्याला खडी द्यायची तर मजुरांची सहकारी सोसायटी पाहिजे, असं कुणीतरी शिवाप्पाच्या कानात सांगितलं. त्याचं किराणा दुकान दुष्काळात बसलं होतं. रिकामा होता, म्हणून चेअरमन झाला. पहिलं काम काय केलं, तर सोलापूरहून शिक्का करून आणला. दगडाला हात लावायच्या आधी आठ दिवस आम्ही नुसते शिक्के मारत होतो!

मग सेक्रेटरी पाहिजे झाला, लिहिता येणारा. मी तुळजापूरला बोर्डिंगात राहून मॅट्रिकचं वर्ष करत होतो. आबा न्यायला आले.

"चार दिसांचं काम हाय. कागुद लिव्हून दे अन् जा माघारी."

सुरुंगाच्या परवान्याचा अर्ज करायचा होता. शिवाप्पा म्हणाला, "विंग्रजीत लिव्ह. मराठी अर्ज साहेब ढिगाच्या खाली सारतो."

मला इंग्रजीतला एकच अर्ज पाठ होता, तापाच्या रजेचा. तोच लिहिला. 'रजा' होती तिथं 'लायसन' टाकलं, बाकी ताप तसाच ठेवला. शिवाप्पानं सही ठोकली आणि वर दोन शिक्के.

कचेरीत साहेबानं अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग शिवाप्पाला म्हणाला, "ताप उतरला का?"

शिवाप्पानं हात जोडले. "आपल्या कृपेनं, साहेब!"

परवाना आठ दिवसांत आला. माझे चार दिवस मात्र अजून संपायचेत.

* * *

खडी मापायला ओव्हरसियर यायचा. ढिगाची लांबी, रुंदी, उंची टेपानं घ्यायचा. त्यामुळं ढिगाच्या पोटात काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पोटात एक मोठा धोंडा आणि वरनं खडी, हा शिरस्ताच होता.

या कामात सुंदराकाकूचा हात कुणी धरू शकायचं नाही. आमच्या शेजारची. नवरा मुंबईला जाऊन परत न आलेला. हातोड्यापेक्षा तिची जीभ जड.

एकदा माझी शाळेची पिशवी गायब झाली. पंधरा दिवस शोधली. आबा म्हणाले, "गेली तर गेली, हितं कुठं लागतीया?" तेवढ्यात नवा ओव्हरसियर आला, तरणाबांड, कामाचा उत्साह फार. म्हणाला, "तो ढीग फोडा."

सुंदराकाकूचा ढीग फोडला. धोंडा निघाला, त्याचं कुणाला नवल नाही. धोंड्याच्या मागं एक पत्र्याचा डबा, आणि डब्याच्या मागं माझी पिशवी! ओव्हरसियरनं भूगोल उचलला, धूळ झटकली आणि म्हणाला, "हे कुठल्या खाणीतलं?"

मी सुंदराकाकूवर तडकलो. ती शांतपणे पदर खोचत म्हणाली, "वराडतूस कशाला? वजनाला कुठं मापत्यात, आकाराला मापत्यात. तुजी पुस्तकं आकाराला लई चांगली हायत बग!"

* * *

फेब्रुवारीत खाणीच्या तळाला पहार मारली आणि पाणी लागलं.

दुष्काळात पाणी लागलं! दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. आमच्या बाया तीन मैलांवर टँकरच्या रांगेत घागरी ठेवून बसायच्या. पण तिन्ही म्हाताऱ्यांची तोंडं उतरली. पाणी लागलं हे सरकारला कळलं तर खाणीची विहीर होणार, आणि खडीचं काम बंद! मग तिघांनी काय करावं? झऱ्याच्या तोंडात चिखल कोंबला, वरून शिवाप्पाचा जुना फेटा कोंबला, त्यावर दगड ठेवला. मला म्हणाले, "सेक्रेटरी, हे लिव्हायचं न्हाय."

दहा दिवस हे चाललं. आमची आई टँकरवरून परत येताना उन्हात दोनदा बसायची. खाली मान घालून आबा तिच्याकडून तांब्या घ्यायचे आणि प्यायचे. मी बघत होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

पकडलं कुणी, तर सुंदराकाकूनं. शिवाप्पा सकाळी देवाचं भस्म लावून आला. ती बघतच राहिली. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चेरमन, आंघूळ कुठं केलीसा?"

शिवाप्पा म्हणाला, "छ्या! आंघूळ कुठली?"

"मग कानामागची धूळ कुठं गेली?"

बाया हातोडे टाकून खाली उतरल्या. ओल्या मातीच्या वासावरून जागा काढली. दगड सरकवला, चिखल उपसला, आणि सुंदराकाकूनं दोन्ही हातांनी जे ओढलं ते पाण्यासकट बाहेर आलं. तिनं फेटा पिळला आणि शिवाप्पाच्या खांद्यावर टाकला.

"वाळत घाला. लई दिस भिजलाय."

सरकारनं खरंच खाणीचा खालचा भाग पाण्यासाठी घेतला. काम मात्र बंद झालं नाही, नुसतं वर सरकलं, पार डांबरी रस्त्याच्या कडेला. सुरुंग लावला की रस्ता दोन्हीकडनं अडवावा लागायचा. तिघांना एवढंच सुचायचं राहिलं होतं की सरकारला आधीच विचारावं.

* * *

मार्च जवळ आला तसे आमचे हेडमास्तर एस.टी.नं तामलवाडीला उतरून चालत खाणीवर आले. धोतराला धूळ लागू नये म्हणून सोगा हातात धरलेला. माझा परीक्षेचा फॉर्म त्यांनी स्वतःच भरला होता. म्हणाले, "पोराला सोडा. हुशार आहे."

शिवाप्पा म्हणाला, "हुशार हाय म्हणून तर सेक्रेटरी केला. रजेचा अर्ज द्या."

हेडमास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या वतीनं, माझ्याच रजेचा अर्ज, खाणीच्या सोसायटीला लिहून दिला! चाळीस वर्षांचा माणूस, गुडघ्यावर कागद घेऊन, दगडावर बसून.

अर्जावर मीटिंग बसली. तिघं म्हातारे अर्धा तास बोलले. ठराव लिहायचा कुणी? सेक्रेटरीनं! शिवाप्पा सांगत गेला आणि मी माझ्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलं: "सेक्रेटरींना पेपरच्या दिवसापुरतीच रजा मंजूर. आदल्या दिवशी कामावर हजर राहावे."

यल्लाप्पाला लिहिता येत नव्हतं. त्यानं अंगठा उठवला, मग तोच अंगठा माझ्या कपाळाला लावला. शाई दोन दिवस गेली नाही.

* * *

हे एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगतो.

अभ्यासाला रजा नाही दिली, पण तो कामावरच करायचा, असा सुंदराकाकूनं ठराव केला. तिचे ठराव लिहावे लागत नसत. मी मधल्या धोंड्यावर बसून मोठ्यानं वाचायचं आणि भोवती वीस हातोडे चालायचे. वाचता वाचता मी अडखळलो की हातोडेही थांबायचे. परत सुरू झालो की परत सुरू. पानिपताच्या धड्याला तर पूर्ण काम थांबलं.

सुंदराकाकू म्हणाली, "एवढी बायाबापडी संगं नेली, अन् खायाचं काय ते बघितलंच न्हाय?"

आबा म्हणाले, "मोठ्या लोकांचं असंच असतंय."

"मोठ्या लोकांचं कशाला? तुमचं बी तसंच हाय की!"

यल्लाप्पाला ऐकू यायचं नाही. सुरुंगांनी त्याचे कान कधीच गेलेले. तरी तो समोर बसायचा, माझ्या ओठांकडं बघत. वाचन संपलं की बोटं नाचवून विचारायचा, किती धडे राहिले? मी सांगायचो, नऊ. दुसऱ्या दिवशी आठ. तो मान डोलवायचा, जसा काही पेपर त्यालाच द्यायचा होता.

तसा वर्ग मला नंतर मिळाला नाही. क्रशरवर कधी कधी पट्टा बंद पडतो आणि एकदम शांत होतं. त्या शांततेत मला वाटतं, मी कुठंतरी अडखळलोय आणि सगळे थांबलेत.

* * *

पहिला पेपर अकरा वाजता, तुळजापूरला.

एरवी सुरुंगाचे बार दुपारी जेवणाच्या वेळी उडवायचे. पण त्या दिवशी शिवाप्पानं ठरवलं, बार सकाळीच उडवू, काम लवकर बंद करू आणि सगळी खाण तुळजापूरला जाऊ, पेपर सुटल्यावर मला आणायला! सुंदराकाकूनं पहाटे उठून गुळाच्या दशम्या केल्या, बाकीच्यांनी तुळजापूरला जायला ठेवणीतलं अंगावर घातलं. आबांनी हे सगळं मला सांगितलं नाही. आईनं नंतर सांगितलं.

एस.टी. खाणीपाशी थांबत नसे. म्हणून मी उलटा तामलवाडीपर्यंत चालत गेलो आणि तिथून गाडीत बसलो. खिडकी मिळाली. गाडी खाणीपाशी आली, तर रस्त्याच्या मधोमध लाल फडकं घेऊन आबा उभे.

सुरुंगाच्या बारांचा आमचा एक नियम होता. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे बार मोजायचे. एक जरी कमी भरला, तर तासभर कुणी हलायचं नाही. मग सुरुंगवाला एकटा जाऊन बघणार. आणि मोजायचे यल्लाप्पानंच. बहिरा यल्लाप्पा! तो जमिनीवर अनवाणी उभा राहून तळपायानं मोजायचा. आमच्या मोजण्याला किंमत नव्हती, कारण समोरच्या टेकडीवरून आवाज परत यायचा. तो म्हणायचा, "कान फसतो. पाय फसत न्हाय." आणि खरंच, तो कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी सात वाती पेटवल्या होत्या. बार सुरू झाले. मी गाडीत बसून मोजले. पाचवा आणि सहावा जवळजवळ एकात एक आले. मग सातवा.

पलीकडं यल्लाप्पानं हात वर केला. सहा बोटं.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "आबा, सात झाले! म्या मोजलेत!"

"यल्लाप्पा सहा म्हणतोय."

"तेंचं चुकलंय!"

"यल्लाप्पाचं?" आबा हसले. "तू अजून लहान हायस."

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. कंडक्टर खाली उतरला. "ओ बाबा, गाडी जाऊ द्या. ह्या पोराची मॅट्रिकची परीक्षा हाय!"

आबांनी फडकं खाली घेतलं नाही. "माहीत हाय. माझंच पोरगं हाय ते. म्हणून तर सोडत न्हाय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

तास गेला. मग यल्लाप्पा एकटा खाणीकडं चालत गेला. गाडीतली सगळी माणसं उभी राहून बघत होती. तो एकेका भोकापाशी वाकायचा, दगड सारायचा, पुढं जायचा. किती वेळ लागला ते मी सांगत नाही. शेवटी वर आला. दोन्ही हात उंच करून त्यानं सात बोटं दाखवली, आणि तोंड भरून हसला.

आबांनी रस्ता सोडला. गाडी यल्लाप्पाच्या जवळून गेली तेव्हा मी खाली बघितलं. त्याच्या पायात नव्याकोऱ्या वहाणा होत्या, जाड तळाच्या.

शाळेचं फाटक बंद झालं होतं. हेडमास्तर म्हणाले, ऑक्टोबरला बस. बसलो नाही. मी मॅट्रिक झालो नाही.