बिनदुधाची कॉफी

सकाळी कॉफीचा डबा उघडला, तो करपट वास आला की मला पिंपळगावच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमधलं हसणं ऐकू येतं. नव्वदच्या दशकात मी नुकताच द्राक्षांच्या धंद्यात उतरलो होतो. तिथे मुंबईच्या खरेदीदाराने माझ्यापुढे काळी कॉफी ठेवली. स्वतःच्या कपात त्याने दूध ओतलं, हे मी बघून ठेवलं.

"जळलीय ही," मी म्हणालो. जमलेले सगळे व्यापारी हसले.

"यांना चहा सांगा रे," तो म्हणाला आणि द्राक्षांच्या भावाचं शेजारच्या व्यापाऱ्याशी बोलू लागला.

तसाच नाशिकला आलो, तशीच काळीभोर भाजलेली कॉफी दळून घेतली आणि घरी पातेल्यात खळखळ उकळली. बायकोने घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"अहो, काढा झालाय. कोणाला दाखवायचंय एवढं?"

"त्याला."

"मग उकळू नका. गवती चहासारखं आधणाचं पाणी खाली उतरवून पूड टाका, झाका आणि गप्प बसा. जमेल?"

गप्प बसणं मला कधीच जमलं नव्हतं. त्या दिवशी बसलो. गाळलेला पहिला घोट कडूच लागला, पण गिळल्यावर जिभेवर हळूहळू काकवीसारखी गोडी आली. रोज करत राहिलो.

पुढच्या हंगामात तोच खरेदीदार सौद्यासाठी घरी आला. मी काळी कॉफी पुढे ठेवली. त्याने दूध मागितलं.

"साहेब, चहा सांगू का?" मी विचारलं, आणि माझा कप सावकाश संपेपर्यंत भावाचा शब्द काढला नाही.