पेडण्याचा सर्व्हर पेडण्यातच

श्रीमती शशिकलाताई गावस यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या धर्मादाय इस्पितळाच्या डिचोलीतील संगणक विभागात. मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो होतो. सकाळी रुग्ण यायच्या आधी ताई एकेक सर्व्हर चक्क बंद करत होत्या. मी घाबरून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कोण बोंबलता तां बघतंय."

कोपऱ्यातलं जुनं मशीन बंद होताच पेडण्याच्या डायलिसिस केंद्रातून फोन खणखणला. रुग्णांची माहिती तिथल्याच संगणकात होती, पण उघडेना. लॉगिन कोणाला द्यायचं, कुठला संगणक कुठे आहे, हे सगळं ते कोपऱ्यातलं मशीन सांगत होतं आणि कोणाला त्याची खबरच नव्हती! ताईंनी त्याच दिवशी ठरवलं: ज्या सेवांवर सगळे टेकून आहेत त्यांना स्वतंत्र सर्व्हर हवेत, एक डिचोलीत, एक पेडण्यात. त्यांच्यावर दुसरं काही लादायचं नाही.

पुढे इस्पितळाच्या अध्यक्षांनी डिचोलीत मोठा सर्व्हर आणला आणि सगळं त्यावरच घालायचा हुकूम काढला. तेरेखोलचे एक आजोबा डायलिसिसला पेडण्यात येत; त्यांना आठवून ताईंनी भर बैठकीत विचारलं, "डिचोलेंत लायट गेली तर तेरेखोलच्या म्हाताऱ्यान कित्याक सोसचें?" अध्यक्ष भडकले. ताई म्हणाल्या, "माजी बदली करा. मशीनाची जावची ना."

ताईंची पेडण्याला बदली झाली, पण तिथला सर्व्हर जागचा हलला नाही. ताई रोज बसने पेडणे गाठू लागल्या.

मग एकदा शिरगावजवळ रस्ता खणताना डिचोलीला जोडणारी केबल तुटली. डिचोलीतला महागडा सर्व्हर हात बांधून बसला. पेडण्यात मात्र तिथल्याच सर्व्हरवर काम चालू राहिलं आणि तेरेखोलचे आजोबा नेहमीप्रमाणे डायलिसिस करून उठले. त्यांची बस चुकली, तेव्हा ताईंनी भावाची रिक्षा बोलावून त्यांना केरीच्या फेरीबोटीपर्यंत पोचवलं. काही घडलं होतं, हे आजोबांना आजही ठाऊक नाही. मला त्या दिवशी ताईंचा फार अभिमान वाटला.

आता साठी पूर्ण करून ताई निवृत्त होत आहेत, आणि पेडण्याचा सर्व्हर डिचोलीला हलवण्याचा ठराव पुन्हा पुढे आला आहे. त्यांच्यासाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथात हा विषय नको, असं संपादकांनी सुचवलं. का नको? ताईंना शाल पांघरवायची आणि त्यांचं काम मोडायचं, हा कसला गौरव?

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि आम्हाला दटावायला त्या अधूनमधून येत राहोत. पेडण्याच्या सर्व्हर-खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हाती दिली आहे. अध्यक्षमहोदय, हवी तर माझीही बदली करा.