चंद्रव्वाचं जळण

कुंभारी गावात चंद्रव्वा आणि तिची धाकटी जाऊ ईरम्मा यांच्या चुली एकाच अंगणात होत्या. वाटणीनंतर मधे गुडघाभर भिंत आली, एवढंच. ईरम्माच्या तव्यावर काय पडलं, ते चंद्रव्वाला वासावरून कळायचं.

शहात्तर साली सोलापूरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक जळण मोजायला आले. आठवडाभर रोज घरोघरच्या गवऱ्या, तुराट्या काट्याला अडकवून वजन वहीत लिहायचे. पंचवीस वर्षांनी खेड्यांना इंधन किती लागेल, याचा आराखडा त्यावरून ठरणार होता. शिवाय एका घरी गोबरगॅस बसवून मिळणार होता.

जी काटकसरीची, तिलाच तो मिळणार, असं चंद्रव्वानं धरलं. सासू जाईपर्यंत 'हात राखून वापरावं तर ते ईरम्मानंच' हेच म्हणत राहिली होती.

मोजणीआधी दोन दिवस चंद्रव्वाची चूल विझली नाही. दीडशे कडक भाकऱ्या करून, वाळवून तिनं टोपल्यात रचल्या. मग आठवडाभर चूल पेटली ती आमटीपुरती.

"ताजी भाकरी कवा मिळंल?" कल्लप्पानं, तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"गॅस आला की."

पलीकडे ईरम्मा दोन्ही वेळा गरम भाकऱ्या थापत होती, अंघोळीला हंडे तापवत होती.

आठव्या दिवशी प्राध्यापक म्हणाले, "चंद्रव्वाबाई, तुमचं जळण गावात सगळ्यांत कमी. तुम्हाला गॅसची गरजच नाही. ईरम्माबाईंकडे बसवतो."

गॅस पेटला त्या दिवशी भिंतीवरून हाक आली, "अक्का, ये की बघायला! फुंकायचंबी न्हाय."

"शेणावरची भाकरी तुझी तूच खा," चंद्रव्वा म्हणाली. आपल्या चुलीत शेणाच्याच गवऱ्या आहेत, हे तिला मागाहून आठवलं.

दिवाळीनंतर प्राध्यापकांनी शाळेत मोठा कागद टांगला. "ही सगळ्यांत खालची रेघ चंद्रव्वाबाईंची. दोन हजार सालापर्यंत सगळी घरं अशी चालतील, असं आम्ही धरलंय. बाई, आकडे बरोबर आहेत ना? शंका असेल तर पुन्हा मोजू. पुढच्या वर्षी आणखी एक गॅस मिळणार आहे, जळण जास्त निघालं तर तुमचाही विचार करता येईल."

चंद्रव्वानं तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर ईरम्माकडे गेली. ईरम्मा त्या रेघेकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. वीस वर्षांत तिचा असा चेहरा चंद्रव्वानं पाहिला नव्हता.

"बरोबर हायेत की, मास्तर," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं ओल्या तुराट्या चुलीत सारल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर फुंकत बसली.