ओट्याचा उतार

साइटवर त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सूतभर कलली तरी तो तीन थर उतरवून पुन्हा रचायचा. मुकादमाने कितीही तोंड सोडलं तरी ढिम्म. बारा वर्षं तो सैन्याच्या राखीव दलातही होता. महिन्यातून दोन दिवस कवायत, वर्षातून पंधरा दिवस छावणी. बाकी सगळा काळ विटा आणि सिमेंट.

त्या वर्षी त्याच्या तुकडीतल्या सहा जणांना सरहद्दीवरच्या पलटणीत बोलावणं आलं. चाळिशी उलटलेल्या ओळंब्याला कोणी विचारलं नाही. आठवडाभर त्याच्या हातून एक थर धड लागला नाही. मग कचेरीत जाऊन, मलाही त्यांच्याबरोबर पाठवा, असा अर्ज देऊन आला. तो मंजूर झाला. घरी मात्र त्याने सांगितलं, "बोलावणं आलंय. माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी तो परांचीवर उभा राहून विटा लावत होता. खाली बायकोचा आवाज आला म्हणून त्याने वाकून पाहिलं. ती मुकादमासमोर उभी होती.

"भाऊ, एक कागद लिहून द्या. म्हणावं, हा माणूस कामाला हवाय. दोन-चार महिने तरी थांबवतील."

"वहिनी, मी तर परवाच त्याला ना-हरकत दाखला दिला."

"कशाला?"

"त्यानेच मागितला. बोलावणं आलं असतं तर माझी हरकत विचारतंय कोण? आपण होऊन जाणाऱ्यालाच हा दाखला लागतो." बोलून झाल्यावर मुकादमाने जीभ चावली.

तिने मान वर केली. ओळंब्याच्या थापीवरचा सिमेंटचा माल ओघळून परांचीवर पडला.

"तीन वर्षं झाली ओटा करतो म्हणताय," ती खालूनच म्हणाली. "तेवढा करून जा. एक तरी बोलणं खरं होऊ दे."

तीन दिवस हातात होते. स्वयंपाकघरातला डुगडुगणारा ओटा त्याने फोडला आणि नवा बांधायला घेतला. ती शेजारणीच्या चुलीवर रांधून आणायची, ताट समोर ठेवायची. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "का?"

"त्या सहांतल्या तिघांना नेम धरायला मी शिकवलं. ते तिकडे गेले. मला इथे वीट लावता येईना."

"आणि मी कुठल्या थरात?"

त्याने पुढची वीट उचलली. हात चालत राहिला. त्या दिवशी त्याने पाणसळ लावून उतार तपासला नाही, आणि आपण ती लावली नाही हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

निघायच्या सकाळी तिने ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मोरीकडे जायचं ते पाणी उलटं फिरलं आणि कडेवरून तिच्या पायांवर पडलं.

त्याने पिशवी खाली टाकली आणि छिन्नी शोधायला लागला. "तासाभराचं काम आहे."

"तासभर आहे का?"

गाडीला वीस मिनिटं होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "रोज पुसेन. रोज शिव्या घालीन."

त्याने पिशवी उचलली. चुकलेलं काम तसंच टाकून तो कधी निघाला नव्हता. दाराबाहेर चपला चढवत असताना आत पाणी ठिबकत होतं, आणि ती अजून फडकं घेत नव्हती.