मागच्या दाराचा ओरखडा

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. पाहुण्यांना हे चहाच्या आधी ऐकावं लागतं. त्यामुळे घरच्या गाडीच्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा दिसला, त्याच सकाळी त्यांनी किल्ली आईसमोर टेबलावर ठेवली. "माझ्याकडूनच घासली असणार. आता बास झालं."

ओरखडा मी पाडला होता, आदल्या संध्याकाळी, ऑफिसच्या पार्किंगमधल्या खांबाला. त्यानंतर रात्री बाबाही गाडी घेऊन जाऊन आले होते. मी सकाळी सांगणारच होते. पण बाबा एकाहत्तरचे, त्यांनी गाडी सोडावी म्हणून आई आणि मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. आता ते आयतंच घडत होतं. मी मूग गिळून गप्प बसले, आईलाही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी बाबा म्हणाले, "चल, रंग आणू." गॅरेजवाला अख्खं दार रंगवायचं म्हणत होता, आणि तेवढ्या पैशांत आपण दुसरं दारच आणू, असं बाबांचं म्हणणं. आम्ही बसने गेलो.

दुकानदाराने आधी तयार स्प्रेचा डबा पुढे केला, सगळ्यात स्वस्त. बाबांनी तो परत सरकवला. "एवढ्याशा रेघेसाठी अर्धं दार माखेल." मग टचअपचं पेन निघालं. किंमत ऐकून बाबा म्हणाले, "आत सोनं भरलंय का?"

"मग गाडीच्या रंगाचा कोड सांगा, थोडा मिसळून देतो."

बाबांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढलं. घरूनच स्क्रू काढून आणलं होतं. "कोड नव्या गाडीचा. ही नऊ वर्षं उन्हात उभी आहे. याला जुळवा."

दुकानदाराने तीनदा मिसळलं, तीनदा थेंब वाळवून झाकणाशी धरून पाहिला. रंगाची छोटी बाटली, वरून द्यायला थोडं चकचकीत लॅकर आणि दोन पॉलिश पेपर, सगळं पेनाच्या निम्म्या पैशांत. ब्रश मात्र बाबा नको म्हणाले. "हिच्या संपलेल्या नेलपॉलिशचा चालेल."

"काका, घासली कुठे?" दुकानदाराने सहज विचारलं.

"तेच आठवत नाही हो. घासल्याचं कळलंसुद्धा नाही मला." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आलो. डोक्याच्या तपासण्या करायला सांगितल्यात."

त्यांना गाडी सुटल्याचं वाईट वाटतंय, एवढंच मी धरून चालले होते. काही दिवसांपासून ते एका वहीत सगळं टिपत होते, कुठे गेलो, कोण भेटलं, काय बोललो. नवं खूळ म्हणून मी त्यांना चिडवलंही होतं. लाज वाटली मला, इतकी की परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसवेना.

दुपारी ते स्टुलावर बसून ओल्या पेपरने दार घासू लागले.

"बाबा, गाडी मी घासली. ऑफिसात, खांबाला."

त्यांचा हात थांबला. "तू?"

"हो."

त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!" आईला हाक मारायला वळले आणि मध्येच थांबले. हसू गेलं.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "रोज समोर बसून जेवत होतीस तू."

मी माफी मागितली, पण इतकी हळू की त्यांना ऐकू गेली का, ठाऊक नाही. त्यांनी ब्रश मागितला, मी दिला. रंग असा जुळला की ओरखडा आता मलाही शोधावा लागतो.

किल्ली त्यांनी दुसऱ्याच दिवशी उचलली. तपासण्यांना गेले नाहीत. गाडी पूर्वीइतकीच छान चालवतात. फक्त घरी आल्यावर गाडीभोवती एक फेरी मारतात आणि चारही दारांवरून हात फिरवून बघतात. पूर्वी असं कधी बघत नसत.