शेवटचं तोंड न बघता

आमच्या वस्तीवरच्या आशा सेविका ताईंनी मला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिताना मधेच थांबलो, तर त्यांचं राहून जाईल.

आठवीतून शाळा सोडल्यापासून मी तामिळनाडूत गलाईच्या दुकानात आहे. सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं काम. आटपाडीकडची लय पोरं याच धंद्यात. वडील गेल्याचा फोन आला आणि मी घरी न जाता थेट स्मशानात पोचलो, तर वडिलांवर लाकडं रचून झाली होती. "आटप, लय येळ थांबलोय," चुलते म्हणाले. तोंड न बघताच मी अग्नी दिला.

तेराव्यानंतर दुकानात परतलो. भट्टी पेटवली आणि वाटलं, आत कुणीतरी आहे. हातातली सांडशी पडली. रोज तेच व्हायला लागलं, तेव्हा शेठनी गावी धाडलं. घरातही चूल पेटली की मी अंगणात पळायचो.

लहान पोरांच्या डोसांची यादी घेऊन आलेल्या ताईंनी ते पाहिलं.

"सांगलीच्या दवाखान्यात एक मॅडम हायेत. मनातलं बोलायचं त्यांच्याशी. उद्या चल."

"ताई, मला येडा ठरवून ठेवून घेतील."

"ठेवून घ्यायला तू काय जावई हायस व्हय रं?"

एस्टीत त्यांनी मला खिडकीकडं बसवलं आणि स्वतः वाटेकडच्या सीटवर बसल्या. मधेच विट्याला मी उतरायला उठलो. त्यांनी पाय आखडलेच नाहीत.

आत गेलो तर मॅडमनी आधी विचारलं, सकाळी काय खाल्लं?

"कायबी न्हाई. तपासणी हाय न्हवं? उपाशीपोटी आलोय."

मॅडमनी चहा-बिस्किटं मागवली. रक्त काढणार नाही, म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "वडिलांचं तोंड कसं होतं?"

आठवलंच नाही तर? डोळे मिटले तर लाकडंच दिसायला लागली. बऱ्याच वेळानं डाव्या भुवईवरचा बैलाच्या शिंगाचा व्रण आठवला. मग ओठाच्या कोपऱ्यात कायम राहिलेला चुना. वडील गेल्यापासून पहिल्यांदा मी रडलो.

"भीती लगेच जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण येत राहा."

पाच खेपा झाल्या. प्रत्येक वेळी ताई स्वतःची कामं मागं टाकून बाहेरच्या बाकावर बसल्या. गावात कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या कामाला सोबत म्हणून आलाय."

आता दुकानात परत आलोय. मॅडम फोनवर बोलतात. भट्टी पेटवताना सोबत्याला जवळ उभा करतो. तो म्हणतो, "पेटव गड्या, मी हाय." छाती अजून धडधडते. काही दिवशी जमत नाही, त्या दिवशी तोच पेटवतो.

ताई, तुमच्या घरात कुणाला कधी असं भ्यायला झालं, तर निरोप धाडा. हातातलं काम टाकून मी येईन आणि तुमच्या माणसाला मॅडमकडं घेऊन जाईन. हा माझा शब्द.